बैलवाल्यांचा उजवा कौल

‘एकोणतीस झाले. आता शेवटचे, बैलवाले,’ सुयोग म्हणाला आणि मी ओल्या शिळेवर शेवंतीच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे.

उजवी पडली. उजवी म्हणजे होय. सुयोगने यादीत खूण केली.

सुयोग माझा मुलगा, वय सव्वीस, नोकरी मालाडला. त्याला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड. तिथे तीस संघ, निम्मे पूर्वेचे, निम्मे पश्चिमेचे. दोन्हीकडचे आठ-आठ, असे सोळा प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात. कोणते सोळा जाणार, यावर दर ऑक्टोबरात याच्या ऑफिसातली पोरं डोकं चालवतात आणि हा दरवर्षी शेवटून पहिला. यंदा म्हणाला, ‘बाबा, आजोबा गावात कौल लावायचे ना? आपण पण लावू. मजा येईल.’

माझे वडील गावचे गुरव. विहिरीला पाणी लागेल का, सोयरीक जुळेल का, लोक विचारायला यायचे. मी कांदिवलीला आलो तेव्हा त्यांनी ही पंज्याएवढी काळी शिळा हातात ठेवली आणि बजावलं, ‘देवाची परीक्षा घेव नको. आणि इचारलंस तर आयकाक व्हया.’

परीक्षा घेऊ नये, विचारलं तर ऐकावंच, हे मला पाठ होतं, तरी मी बसलो. आठवडाभर घरात कोणी धड बोललं नव्हतं. प्रेमाच्या, माझ्या बायकोच्या, हृदयाची झडप अरुंद झालीय, महिन्याभरात ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हटलं, पोरगं घटकाभर हसेल तरी.

संघांची नावं मला येत नाहीत. सदऱ्यावर जे चित्र तेच त्यांचं नाव. हरणवाले, लांडगेवाले, अस्वलवाले. सुयोगने खुणा मोजल्या. पूर्वेचे आठ, पश्चिमेचे आठ, बरोबर सोळा. जितके जायचे तितकेच.

‘यार, बाबा,’ एवढंच तो म्हणाला. हसला नाही. यादी फ्रिजवर चिकटवायला आत गेला.

ताटलीत दोन पाकळ्या उरल्या होत्या आणि शिळा ओली होती. मी विचारून टाकलं, प्रेमाचं ऑपरेशन नीट पार पडेल ना?

डावी पडली. पंखा चालू होता का, हे मी आजवर शंभरदा आठवून पाहिलं आहे. बंद होता.

मी लिफ्टचा मेकॅनिक. एकतीस वर्षं झाली या धंद्यात. लिफ्टमधून वेगळा आवाज आला की मी त्याच दिवशी तिला कुलूप घालतो. सोसायटीवाले हात जोडतात, ‘अहो, गणपती होऊन जाऊ द्या ना.’ मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि घरात माझंच डोकं शेण खायला गेलं होतं.

मी तोड काढली. या सोळांपैकी एक जरी संघ बाहेर राहिला तरी कौल खोटा. मग दुसऱ्या दिवशी प्रेमाला दाखल करायचं, तोवर नाही. पहिल्या महिन्यातच कोणीतरी माती खाईल असं मला वाटलं होतं. पण त्या खेळात मार्च उजाडेपर्यंत कोणाचं काही नक्की होत नाही, हे मला कुठे ठाऊक?

‘बाबा, डॉक्टर म्हणाले लगेच,’ सुयोग दर रविवारी म्हणायचा.

‘दिवाळी होऊ दे.’ मग म्हटलं, थंडी सरू दे. मग म्हटलं, शिमगा होऊ दे.

‘आई, तू तरी सांग ना यांना.’

‘मलाच कुठे घाई आहे रे?’ प्रेमा म्हणायची. ‘यांच्या मनाची तयारी होऊ दे.’ सुरीला ती घाबरत होती आणि माझ्यावर तिचा विश्वास होता. बायकोचा असा विश्वास नशिबाने मिळतो, आणि मी त्याचं हे केलं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. नोव्हेंबरात प्रेमा पहिल्या मजल्यावर थांबून दम खायची. जानेवारीत भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसायला लागली.

सामने आपल्याकडे सकाळी असतात. मी कामावर निघेपर्यंत टीव्हीसमोर बसायचो. ‘या वयात हे काय नवीन खूळ?’ म्हणत प्रेमाही चहा घेऊन शेजारी बसायला लागली. तिने बैलवाले धरले. का, तर सारखे हरायचे. ‘बिचारे किती धावतात हो,’ म्हणायची. ते जिंकले की ती टाळी वाजवायची आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

मार्चात एकेक संघ पक्का होऊ लागला. दुपारी सुयोगचा फोन यायचा. ‘बाबा, अकरावा पण बरोबर. ऑफिसात सगळे वेडे झालेत.’ मी लिफ्टच्या खोलीत पाना धरून उभा असायचो. फोन ठेवला की पाना पेटीत टाकायचो. मी कामाला हात लावायचो नाही, जिना उतरून खाली येऊन बसायचो.

एप्रिलात पंधरा खरे ठरले. उरली एक जागा, एक सामना आणि बैलवाले.

त्या सकाळी प्रेमा उशीला टेकून बघत होती. तिचे पाय सुजले होते. शेवटच्या मिनिटाला बैलवाल्यांचा चेंडू जाळीच्या कड्यावर फिरला आणि बाहेर पडला. बैलवाले हरले. कौल खोटा ठरला. मी मोठ्याने हसलो, रडलोही असेन.

‘ते बिचारे हरले आणि तुम्ही हसता?’

‘चल, कपडे भर. उद्या दाखल व्हायचं.’

डॉक्टरांनी नव्या तपासण्या केल्या, जुना कागद काढला, तारीख पाहिली. मला एकट्याला आत बोलावलं.

‘ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं. सहा महिने कुठे होता?’

‘सणवार होते,’ मी म्हणालो.

‘तेव्हा सहज निभावलं असतं. आता हृदयात ताकदच उरलेली नाही, ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्या देतो. दिवाळीपर्यंत काढतील का, सांगू शकत नाही.’

वडील असते तर त्यांच्या पायावर डोकं ठेवून विचारलं असतं, की कौल डावा होता की मीच डावा केला? सुयोगने का थांबलात म्हणून विचारलं असतं, तर त्यालाही सगळं सांगून टाकलं असतं. त्याने विचारलं नाही. येताना रिक्षात तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

प्रेमाला खुर्चीत बसवून आम्ही जिना चढायला लागलो. पुढून सुयोग, मागून मी. पहिल्या मजल्यावर टेकलो. प्रेमाने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

‘अहो, पुढच्या वर्षी तरी जातील का हो बैलवाले? लावून बघा ना कौल.’

‘जातील,’ मी म्हणालो. ‘त्याला कौल कशाला?’

‘मग बघू आपण,’ ती म्हणाली.

‘बघू.’

मी वाकून खुर्चीचे मागचे पाय धरले. अजून एक मजला चढायचा होता.