आत नेनारं पानी

मी राहीबाई. शिरवण्याच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये काचेची भांडी धुते. आमचे घरचे मालक हौसेराव धान्य मार्केटात माथाडी. क्विंटलचं पोतं पाठीवर घेनारा मानूस, पन पंचान्नवच्या दिवाळीत उजवा खांदा धरला तो सुटेचना. बाम झाले, बिब्बा झाला. मुकादम म्हनला, खांदा सुधरा न्हाईतर गावी जावा.

आमच्या उत्कर्षा मॅडमचं संशोधन नेमकं तेच. "राहीबाई, औषध कातडीवरच अडून बसतं. खोल मांसात, पेशीच्या आत शिरतच नाही," म्हनायच्या. म्हनून त्या एक बिनरंगाचं पानी वापरायच्या. ते कातडीतून आत जातं आनि औषधालाबी घेऊन जातं. हातावर थेंब पडला तर जरा वेळानं तोंडात लसनाची चव येते. मला आलीय.

मग काय, माझी अक्कल गेली चरायला! बाटल्यांच्या तळाला उरलेलं पानी फेकायचं सोडून डबीत घालून घरी आनलं. मालक कामावरनं आले तसे धरून बसवले.

"अगं, आधी आंघोळ तरी करू दे."

"काय नको. धुतलं की औषध जातं. मुरू द्या, मागनं करा."

बामात ते पानी मिसळलं आनि घामेजल्या खांद्याला खसाखसा चोळलं.

"तोंडात लसून लागतोय गं," ते म्हनाले.

"म्हंजे गुन आला!" मी हसले.

तासाभरात लाळ गळायला लागली. घामानं अंगातला बनेल पिळून निघाला. दंडाचं मांस आपोआप उडत होतं. "राही, मला दिसंना," म्हनाले आनि कलंडले. आई गं! शेजारच्या धनाजीच्या रिक्षात घातलं आनि वाशीला दवाखाना गाठला.

डॉक्टरनं पापनी उचलली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झालेली.

"यांनी कीटकनाशक घेतलंय. घरात भांडण झालं का?"

"विष? आमचा मानूस? जीभ झडंल तुमची!"

ओरडले खरी, पन डबीचं नाव घेतलं न्हाई. चोरी कळली की नोकरी गेली. तेवढ्यात मालकांचा श्वास घरघरला. जळो ती नोकरी, म्हनलं, आनि सगळं सांगून टाकलं.

"काम काय करतात?"

"पोती उचलतात."

"पोत्यांवर किडीची पावडर मारतात. ती रोज आंघोळीत धुऊन जायची. आज तुम्ही ती चोळून आत घातलीत."

त्या पान्याला काय ठाऊक औषध कोनतं नि विष कोनतं? ह्या हातांनी चोळलं मी, ह्याच हातांनी!

नर्सनं साबनानं खांदा धुतला, सुयांवर सुया दिल्या. दोन दिवसांनी मालकांनी भाकरी मागितली तेव्हा कुठं मी रडले.

तिसऱ्या दिवशी मॅडमपुढं उभी राहिले. "कामावरनं काढा, पन आधी ऐकून घ्या," म्हनलं. पानी नेलं ते सांगितलं, पावडरीचं सांगितलं. मालक कलंडले, इथपर्यंतच माझं सांगून झालं होतं, तर मॅडमनी झटकन वही ओढली.

"दोन वर्षं झटतोय आम्ही, औषध एवढं आत जात नाही! किती वेळात झालं, राहीबाई? पाणी किती घातलं होतं?"

पेन उघडून त्या माझ्याकडं बघत होत्या.

"जिता हाय माझा मानूस," मी म्हनले. "तुमी विचारलं न्हाई, म्हनून सांगते."