सर्व गाळे रिकामे धरून

अर्जावरची तारीख मोजणीदाराने तिसऱ्यांदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली आणि कपाटाला टेकून तो तसाच उभा राहिला. जुन्या बाजाराच्या गल्लीची मोजणी मागणारा अर्ज होता. आवक क्रमांक, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. अर्ज आला होता गल्लीत बॉम्बस्फोट झाला त्याच्या सतरा दिवस आधी. खाली एक ओळ होती : 'सर्व गाळे रिकामे धरून एकच भूखंड मोजावा.'

सतरा दिवस आधी त्या गल्लीत एकतीस गाळे गजबजलेले होते. त्यातल्या एकात त्याचा धाकटा भाऊ वह्यापुस्तकांची बांधणी करत बसायचा.

भूमापन कचेरीत एकोणतीस वर्षं काढलेला हा माणूस. कुणाची वीतभर जमीन इकडची तिकडे होऊ देत नसे, म्हणून सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. स्फोटानंतर मात्र त्याचंच माप चुकलं होतं. गल्लीत पत्रकं सापडली, देवाच्या नावाने केलं म्हणून अभिमानाने लिहिलेली. दोन तरुण पकडले गेले. नगरसेवकाने भावाच्या तिरडीला खांदा दिला आणि अंगणात उभं राहून, याचा हिशेब चुकता करू, असं सांगितलं. तेव्हा फूटपट्टीनेही मूठ आवळली होती. शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा आरेखक त्या तरुणांच्या धर्माचा. बावीस वर्षं दोघं एकत्र डबा खात. दुसऱ्या दिवसापासून फूटपट्टीने आपला डबा खिडकीपाशी नेला.

आज अर्ज घेऊन तो पहिल्यांदा त्याच्याकडेच गेला. खाली दोन सह्या होत्या. एक त्या पत्रकवाल्यांना पैसा पुरवणाऱ्या शेठची, सगळं गाव जाणून होतं. दुसरी नगरसेवकाच्या मेव्हण्याची.

आरेखकाने दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “ते दोघं एका कागदावर आलेत. आपण मात्र दोन टेबलांवर डबे खातोय.”

फूटपट्टी अर्ज घेऊन कचेरीच्या साहेबांकडे गेला.

साहेबांनी अर्ज वाचला, घडी घालून आपल्या खणात टाकला आणि नोकरी किती उरली ते विचारलं. चौदा महिने, म्हटल्यावर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “मग चौदा महिने जुनं कपाट उघडू नका. तारीख कारकुनाच्या हातून चुकली असेल.”

दुसऱ्या दिवशी ती चूक दुरुस्त झाली होती. अर्ज आता स्फोटानंतर चाळीस दिवसांनी आलेला होता. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मूळ कागद मागितला. झेरॉक्स काढून ठेवणं फूटपट्टीला सुचलंच नव्हतं. सरकारी कागद कचेरीत सुखरूप असतो, हे तो एकोणतीस वर्षं धरून चालला होता.

आठवड्याभरात मोजणीचा हुकूम आला, तोही त्याच्याच नावाने. तो आरेखकाला बरोबर घेऊन गेला. मलबा उचलून जागा सपाट केली होती. कडेला एकच गाडी उभी होती, आणि मागच्या सीटवर शेठ आणि नगरसेवक शेजारी शेजारी बसले होते. नगरसेवकाने काच खाली घेतली. “तुमच्या भावाला विसरलो नाही आम्ही. इमारतीला हुतात्म्यांचंच नाव देतोय.”

फूटपट्टी उकिडवा बसला आणि हाताने माती बाजूला करू लागला. खाली गाळ्यांच्या फरशीच्या कडा अजून शाबूत होत्या. ऊन डोक्यावरून कलेपर्यंत तो एकेक गाळा मोजत गेला. आरेखकाने एकतीस चौकोन काढले आणि प्रत्येकात बसणाऱ्याचं नाव लिहिलं. दोन्ही धर्मांची नावं होती, भिंतीला भिंत लागून. भावाचं नाव त्याने न विचारता, सुंदर अक्षरात लिहिलं. खाली फूटपट्टीने शेरा मारला : 'मोजणीच्या वेळी गाळे रिकामे आढळले. रिकामे कसे झाले, ते अर्जदारांस विचारावे.' दोघांनी सह्या केल्या.

नकाशा चार दिवसांत रद्द होऊन परत आला. दुसऱ्या कचेरीतल्या माणसाने एका सकाळीत एकच भूखंड मोजून दिला. फूटपट्टीची बदली जिल्ह्याच्या एका टोकाला झाली, आरेखकाची दुसऱ्या. पेन्शनच्या कागदांवर चौकशी लागली. त्या दोन तरुणांना पुढे जन्मठेप झाली, शहराला न्याय मिळाला असं पेपरात छापून आलं, आणि त्याच पानावर खाली नव्या इमारतीची जाहिरात होती.

सामान बांधायच्या दिवशी भावजय आली. नवऱ्याला कुणी मारलं, हे तिने त्याला पुष्कळदा विचारलं होतं. या वेळी त्याने सगळं सांगितलं आणि रद्द झालेला नकाशा पुढे पसरला. तिने नवऱ्याचा चौकोन बोटाने शोधला.

“एवढुसा होता?”

“आठ बाय सहा.”

“मी कधी गेलेच नाही तिकडे. दादा, मोजून दाखवा ना.”

त्याने खोक्यातून टेप काढला, खोलीच्या मधोमध आठ फूट धरलं, मग सहा, आणि चारी कोपऱ्यांवर एकेक वाटी ठेवली. ती उठली, पदर सावरला आणि त्या चार वाट्यांच्या आत जाऊन मांडी घालून बसली. दाराशी टेम्पोवाला दोनदा हाक मारून गेला. फूटपट्टीने त्याला हातानेच थांब म्हणून सांगितलं.