माझा शेवटचा बोल्ट

मित्रांनो, प्रेस म्हटले की तुम्हाला वर्तमानपत्र छापणारे यंत्र आठवेल. मी प्रेस आहे, आणि जुनाही आहे. पण मी आजवर एक अक्षर छापलेले नाही. बंदुकीची नळी भोक पाडून, तासून तयार झाली की ती कुठेतरी केसभर वाकलेली असते. ती सरळ करणे हे माझे काम. बिडाचे जड अंग, डोक्यावर बैलगाडीच्या चाकाएवढे चाक आणि मधोमध खाली-वर होणारा दांडा, एवढाच माझा संसार.

अमेरिकेतल्या मोहॉक नदीच्या खोऱ्यात टॅनर्स फोर्ड नावाचे गाव आहे. तिथे बंदुकांचा एक मोठा कारखाना होता. गावात त्याला सगळे नुसते ‘वर्क्स’ म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उंच खिडकीसमोर मला जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवले होते. खिडकी हवीच. कारागीर नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरतो. आत सावलीच्या दोन रेघा दिसतात. रेघा सरळ तर नळी सरळ. रेघ जिथे मोडते तिथे नळीला बाक. मग नळी माझ्या मांडीवर ठेवायची, चाक जरासे फिरवायचे, हलकेच दाब द्यायचा आणि पुन्हा बघायचे.

माझ्यावर कितीतरी हात फिरले. त्यांतले शेवटचे हात मर्ल टॅगर्टचे. तरुणपणी तो माझ्यापाशी आला आणि माझ्यासमोरच म्हातारा झाला. बोलणे कमी, खोकणे जास्त. घरी जाण्याआधी तो मला पुसायचा आणि बोल्टांच्या मुळाशी तेलाचे थेंब सोडायचा. बाकीचे हसत. मुकादम गस पेट्राकिस तर म्हणायचा, “मर्ल, बायकोच्या गुडघ्यांना कधी तेल लावलंस का रे एवढ्या प्रेमानं?”

“ती कुरकुरते,” मर्ल म्हणायचा, “हा कुरकुरत नाही.”

ते दिवस चांगले होते. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की शाळेला सुट्टी असे आणि कारखाना अर्धा रिकामा. दुसऱ्या दिवशी डब्यांतून हरणाच्या मटणाचा वास दरवळे. आपण बनवलेल्या बंदुकीने आपल्याच डोंगरात शिकार केली, याचे गावाला अप्रूप होते. मलाही होते.

पुढे जग बदलले. शिकारी कमी झाले आणि घाबरलेली माणसे वाढली. निवडणूक आली की लोक घाबरत. बंदुकीवर बंदी येणार अशी हूल उठली की घाबरत आणि बंदुका घेऊन ठेवत. मग ती मोठी साथ आली, आणि कधी बंदूक हातात न धरलेली माणसेही दुकानांपुढे रांगा लावू लागली. वर्क्समध्ये तीन पाळ्या सुरू झाल्या. गावात नव्या गाड्या आल्या, घरांना रंग लागले. मर्लची सून जोलीन तेव्हाच कामाला लागली. तिचे टेबल माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. गावकरी रविवारी चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना करत आणि सोमवारी आल्या आल्या विचारत, “ऑर्डरी किती आल्या?”

एकदा दुपारी टीव्हीवर बातमी आली. दूरच्या एका गावात कुणीतरी भर बाजारात गोळ्या झाडल्या होत्या. मेलेल्यांत शाळकरी मुले होती. जेवणाच्या खोलीत चमचे थांबले. तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणाले, “आता ऑर्डरी येतील.” त्याला कोणी रागावले नाही. सगळ्यांच्याच मनात ते येऊन गेले होते. मर्ल जेवण टाकून परत आला आणि एक नळी खिडकीकडे धरून उभा राहिला. नळी सरळ होती, तरी तो बघतच राहिला.

मित्रांनो, मी नुसत्या नळ्या सरळ करत होतो; त्या कुणावर रोखल्या जातील ते माझ्या हाती नव्हते. असे म्हणता येते. पण तेवढ्याने माझे समाधान कधी झाले नाही.

मग भीतीही ओसरली. ज्यांना बंदूक हवी होती त्यांनी ती घेऊन ठेवली होती, आणि बंदूक काही पावासारखी रोज संपत नाही. दुकानांतला माल हलेना. आमची कोठारे छतापर्यंत भरली. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. मुख्य कचेरीतून क्रेन साहेब यायचे आणि म्हणायचे, “हे तात्पुरतं आहे. काळजी करू नका.” ते असे म्हणाले की पुढच्या आठवड्यात काहीजणांना नारळ मिळालेला असे.

नेमके त्याच हिवाळ्यात जोलीनचा नवरा कर्टिस, म्हणजे मर्लचा मुलगा, छपरावरचे बर्फ काढताना खाली पडला. पाठीचा कणा मोडला. एक ऑपरेशन झाले. दुसरे झाले नाही तर तो पुन्हा उभा राहणार नव्हता. त्याच्या उपचारांचा सगळा भार जोलीनच्या नोकरीबरोबर येणाऱ्या आरोग्य विम्यावर होता. नोकरी गेली की विमा गेला. आणि नियम असा होता, की शेवटी आलेला आधी जाणार.

एकदा ती माझ्या चाकाला टेकून गसला म्हणाली, “मला आता वाटायला लागलंय, पुन्हा काहीतरी घडावं. काहीतरी वाईट. लोकांनी घाबरावं.” तिने हातातली नळी खाली ठेवली. “मी पूर्वी अशी नव्हते रे.”

गसने नेहमीप्रमाणे टोमणा मारला नाही.

पुढच्या कपातीत तिचा नंबर लागणार, हे सगळ्यांना कळून चुकले होते. नावे वाचायच्या सकाळी मर्ल क्रेन साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. तिच्या जागी मी जातो, म्हणाला. युनियनच्या करारात तशी सोय होती. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. गस त्याला जिन्यात गाठून म्हणाला, “गाढवा, थोडा थांबला असतास तर निरोपाचं घड्याळ तरी मिळालं असतं.”

“वेळ बघून करायचं काय आता?” मर्ल म्हणाला.

तो माझ्यापाशी आवराआवर करत असताना जोलीन तरातरा आली. “बाबा, हे काय केलंत तुम्ही?”

“गुडघे गेलेत माझे. कधीतरी थांबायचंच होतं.”

“काल तर ठीक होते.”

“आज गेले.”

“मला कुणाची दया नकोय.”

“दया कुठली, पोरी? कर्टिसला उभं करायचंय. त्याचा विमा माझ्या नावावर असता, तर आज तुझे गुडघे गेले असते.”

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटले. मर्लने मला पुसले, बोल्टांना तेल दिले आणि डबा उचलून तो जिना उतरला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

त्यानंतर बर्फ वितळायच्या आतच वर्क्स बंद झाले. सकाळी माणसे कामावर आली तेव्हा कर्ण्यावरून सांगण्यात आले, की कंपनी दक्षिणेतल्या दुसऱ्या राज्यात जात आहे. तिथे जागा स्वस्त आहे आणि कर कमी आहेत. कामावर असलेल्यांना निरोपाची थोडीफार रक्कम मिळाली. मर्लला काहीच मिळाले नाही, कारण तो ‘स्वतःहून गेला’ होता.

यंत्रे उतरवायला मात्र काही माणसे हवी होती. गसने टोळी जमवली आणि तिच्यात जोलीनला घेतले. जोवर यंत्रे होती, तोवर तिची हजेरी होती, आणि हजेरी होती तोवर विमा. कर्टिसच्या ऑपरेशनला गुरुवारची तारीख मिळाली होती. ती अलीकडे घ्या म्हणून तिने दवाखान्याला किती विनवले! अलीकडे एकही जागा नव्हती.

एकेक यंत्र निघून गेले. जमिनीवर त्यांच्या जागी तेलकट चौकोन उरले. तिसऱ्या मजल्यावर मी एकटा राहिलो. सोमवारी क्रेन साहेब आले आणि म्हणाले, “उद्या हा उचला, की टोळी मोकळी.”

जोलीनच्या तोंडचे पाणी पळाले. गस पुढे झाला. “जमायचं नाही, साहेब. याचे बोल्ट गंजून बसलेत. गुरुवार उजाडेल.”

“मग कापून काढा.”

“कापला तर भंगार होईल. तिकडे याची वाट बघताहेत ना?”

मित्रांनो, गस धडधडीत खोटे बोलत होता. मर्लने वर्षानुवर्षे तेल पाजलेले माझे बोल्ट लोण्यासारखे फिरले असते. साहेब खाली वाकले आणि त्यांनी एका बोल्टवर बोट ठेवले. बोटाला तेल लागले. ते त्यांनी पाहिले, मग जोलीनकडे पाहिले. त्यांनी रुमालाला बोट पुसले. “गुरुवारी दुपारी ट्रक येईल,” ते म्हणाले. “त्यापुढे मला काही सांगू नका.”

गुरुवारी जोलीनला रजा मिळणे शक्य नव्हते. कर्टिसबरोबर दवाखान्यात मर्ल गेला. जोलीनने फोन माझ्या मांडीवर ठेवला, जिथे इतकी वर्षे नळ्या ठेवत असत, आणि पाना हातात घेतला. ऑपरेशन सकाळी व्हायचे होते. पण रस्त्यावरच्या अपघातातली माणसे आली आणि कर्टिसला बाहेर थांबवले. त्याला आत नेईपर्यंत तिचे नाव हजेरीवर राहायला हवे होते.

एकेक बोल्ट निघाला. दुपारी खाली ट्रकचा भोंगा वाजला. आता माझा एकच बोल्ट उरला होता. फोन गप्प होता.

गस माझ्या पायथ्याशी, बरोबर त्या बोल्टवर फतकल मारून बसला आणि त्याने सँडविच काढले. एवढ्या सावकाश जेवणारा माणूस मी पाहिला नव्हता. क्रेन साहेब दारात आले. “हे काय चाललंय?”

“जेवणाची सुट्टी, साहेब. युनियनचा नियम आहे.”

“युनियन उरलीय कुठे?”

“आम्ही दोघं आहोत ना.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि ते दारातच उभे राहिले. जोलीन खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. माझ्यासारख्या बिडाच्या ठोकळ्यालाही त्या क्षणी वाटले, हा बोल्ट खरोखरच गंजलेला असता तर! खाली भोंगा पुन्हा वाजला. गसचे सँडविच संपले. मग तो बोटे चाटत बसला. तेही संपले.

फोन वाजला. मर्लचा आवाज मी ओळखला. तो खोकला आणि म्हणाला, “आत नेलं, पोरी. भूल दिली.”

जोलीनने फोन खाली ठेवला. गस बाजूला सरला. तिने शेवटच्या बोल्टला पाना लावला, आणि पाना दोनदा निसटला. मग बोल्ट फिरला. माझा आणि त्या जमिनीचा संबंध तुटला. मला साखळदंडांनी उचलत असताना मी खिडकीतून पाहिले. फाटकाशी ती आपले ओळखपत्र साहेबांच्या हातात देत होती.

मला दक्षिणेत आणल्यावर काही महिन्यांनी, मला बसवायला म्हणून गस आला होता. त्याच्या बोलण्यातून मला पुढचे कळले. कर्टिस काठी घेऊन घरातल्या घरात चालतो. जोलीन लांबच्या गावी दह्याच्या कारखान्यात रात्रपाळी करते. त्यांनी घर विकायला काढले आहे, पण त्या गावात आता घर घेणार कोण? मर्ल खिडकीशी बसून असतो. टॅनर्स फोर्डचा मुख्य रस्ता दुपारीही रिकामा असतो.

आणि मला इथे बसवलेच नाही. माल अजूनही उठेना, म्हणून नव्या कारखान्याचे काम मध्येच थांबले. गस परत गेला. मी उघड्या आवारात ताडपत्रीखाली आहे आणि मला गंज चढतो आहे, या वेळी खराखुरा.

या गावात अल्मा रे नावाची बाई आहे. नव्या कारखान्यात काम मिळेल, असे तिला कंपनीने सांगितले होते. म्हणून तिने कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. ती वरचेवर फाटकाशी येते. “कधी सुरू होणार?” असे विचारते. रखवालदार म्हणतो, “लवकरच.” एकदा ती म्हणाली, “लवकरच हा वार कुठला रे, भाऊ? सोमवारनंतरचा की रविवारनंतरचा?” तोही बिचारा हसला.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या कारखाने चालवतील, कोणी साहेब होतील. यंत्रांना वेळेवर तेल द्या, एवढे मागण्याचा मला हक्क आहे. पण माझे मागणे निराळे आहे. काम संपणार असेल तर माणसांना ते आधी सांगा, त्यांना तोंडावर खरे सांगा. खोट्या आशेवर माणूस हातातले काम सोडतो, छप्पर गहाण टाकतो, म्हातारपणीची पुंजी देऊन टाकतो. आणि ज्या धंद्याला बरकत यायला दुसऱ्याच्या घरात भीती शिरावी लागते, त्यावर सगळे गाव उभारण्याआधी एकदा थांबून विचार करा.

आज सकाळी अल्मा पुन्हा आली. रखवालदाराची खुर्ची रिकामी होती. त्यालाही काल कामावरून काढले. ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली आणि तिने रिकाम्या आवाराला विचारले, “कुणी आहे का?”

मी होतो. पण माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमचा पोहोचेल.