मायची बोळवण

मेघाच्या हातून पुन्हा कप पडला आणि तिच्या आजीनं, सुनंदाबाईंनी, चुलीपाशी बसल्याबसल्याच हाळी दिली, "तुना हातले भोकं पडनात का वं, मेघा?"

घर हसलं. मेघाची आई ज्योत्स्नासुद्धा हसली. तिला प्रयोगशाळेत जायची घाई होती, तिच्या नवऱ्याला, हितेंद्रला, जामनेरच्या बँकेत जायची. शाळेच्या बाईंनीही परवाच तक्रार केली होती, की मेघाचं अक्षर हल्ली वेडंवाकडं येतं, पाढे म्हणता म्हणता मधेच थांबते. सात वर्षांची पोर, लक्ष सगळं मेहरूणच्या तळ्यावर आणि सायकलवर; हात धांदरटच असणार. काचा गोळा केल्या, पोरीला एक धपाटा दिला आणि विषय संपवला.

ज्योत्स्नाचं काम जरा जगावेगळं. जळगावात एका मोठ्या दवाखान्याच्या विषाणू प्रयोगशाळेत ती रोगांची कुळं शोधायची. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. त्या चुका पुढच्या पिढीत जातात, तो जिथे जातो तिथे त्यात एखादी नवी भर पडते. त्या चुका वाचल्या की कोणता विषाणू कोणाचा भाऊबंद, कुठून निघाला, कोणत्या गावावरून कोणत्या गावी गेला, ते उमगतं. हितेंद्र पाहुण्यांपुढे चिडवायचा, "आमच्या घरात भाट आहे. फक्त वंशावळ माणसांची नाही, रोगांची सांगते." खानदेशात माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग कूळ. ज्योत्स्ना विषाणूला तेच विचारायची आणि तो माणसापेक्षा खरं सांगायचा.

त्याच आठवड्यात दारात जमना आली. सोबत तिचा मुलगा सिंगा.

जमना आणि तिचा नवरा रोहिदास हे यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे. पूर्वी ते धुळ्याजवळ ज्योत्स्नाच्या सासरच्या मळ्यात सालदार होते. सिंगा आणि मेघा एकाच उन्हाळ्यात जन्मले, काही दिवसांच्या फरकानं. पुढे मळ्यातलं साल संपलं, जमनाचं बिऱ्हाड पाड्यावर परत गेलं आणि ती पावसावरची शेती, मोहाची फुलं आणि केळीच्या बागांमधली मजुरी यांत गुंतली. मग भेट नव्हतीच.

"ताई, हाऊ पोऱ्या पडस," जमना म्हणाली. "चालता चालता पडस. बकरीना दोर हातमा धरता येत नही. नाव इसरस. भगत झाया, यावलना डाक्टर झाया. मंग माले याद उनं, सुनंदाअक्कानी सून दवाखानामा शे."

सिंगा पायरीवर बसला होता. विहिरीतल्या दोराला खालून कोणी हिसका द्यावा तशी त्याची मान मधूनच खाली जायची, हात उडायचा आणि पुन्हा सगळं शांत. मग थोड्या वेळानं तसाच हिसका. तो हिसका ठरल्या वेळी यायचा हे ज्योत्स्नाच्या लक्षात आलं. असा हिसका तिनं पुस्तकात वाचला होता. सुनंदाबाईंनी मात्र पोराला जवळ घेतलं, भाकरीवर लोणी लावून दिलं आणि म्हणाल्या, "कितला मोठा झाया रे तू!" भाकरी त्याच्या हातातून पडली.

ज्योत्स्नानं त्याला दवाखान्यात आणलं. मुलांचे डॉक्टर ज्ञानेश्वर महाजन यांनी सिंगाला चालवलं, बसवलं, बोलतं केलं आणि ज्योत्स्नाला बाजूला घेतलं. दोघांच्याही मनात एकच नाव होतं, आणि ते कुणीच घेतलं नाही. पाळण्यातल्या वयात ज्यांना गोवर होतो, त्यातल्या फार थोड्या मुलांत गोवर बरा होऊनही विषाणू जात नाही. तो मेंदूत दडून बसतो. पोर खेळतं, शाळेत जातं, वर्षं जातात. मग एक दिवस हातातून वस्तू पडायला लागतात. त्यापुढे पोराला परत आणणारं औषध नाही.

डॉक्टरांनी जमनाला विचारलं, "लहानपणी याला गोवर झाला होता?"

"नही साहेब," जमना ठामपणे म्हणाली. "कव्हयच नही."

"नक्की?"

"माय शे मी त्यानी. माले ठाऊक नही व्हवाव का?"

डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. बाहेर गर्दी मावत नव्हती, एका पेशंटमागे दहा उभे होते. "गोवर नसेल तर मग दुसरं काही असेल," ते ज्योत्स्नाला म्हणाले. "त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. पाठीतलं पाणी काढून बघू." ज्योत्स्नाही सुटल्यासारखी झाली. त्या रात्री तिनं मेघाच्या लसींचा विचार उगाचच केला. दोन्ही डोस वेळेवर दिलेले. त्या वेळी नर्सनं विचारलं होतं, हिला गोवर झाला होता का, आणि ज्योत्स्नानं जमनाइतक्याच ठामपणे नाही सांगितलं होतं.

सिंगाच्या पाठीतल्या पाण्यानं मात्र दुसरंच सांगितलं. त्यात गोवराविरुद्धची ताकद नको तितकी भरली होती. अंग शत्रूशी लढत असल्याशिवाय ती तेवढी येत नाही. ज्योत्स्ना हट्टाला पेटली आणि त्याच पाण्यातून विषाणूचे तुटके तुकडे काढले. असे तुकडे सहसा हाती लागत नाहीत. लागले नसते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे वाटायचं होतं.

तुकड्यांमधल्या चुका तिनं कुळीला लावून पाहिल्या. मेंदूत दडून विषाणूनं बरंच अंग बदललं होतं, पण मूळच्या खुणा शाबूत होत्या. पडद्यावर फांद्या फुटत गेल्या आणि सिंगाचा विषाणू बरोब्बर एका फांदीच्या टोकाला जाऊन बसला. ती फांदी सुरतेची. सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिथे आली आणि तिथेच संपलेली. आजूबाजूला खानदेशातलं एकही गाव नव्हतं. सुरत आणि सातपुडा, मधे सगळं कोरं.

ज्योत्स्ना वॉर्डात गेली. दुपार होती. जमना सिंगाला पेज भरवत होती. अर्धी पोटात, अर्धी हनुवटीवर.

"जमना, हा तान्हा असताना तुम्ही सुरतेला गेला होतात?"

"नही ताई. सुरत आम्हीन देखेल बी नही." जमनानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "सुरतवालाच उना व्हतात तुमना मळामा. कानबाईले. बठ्ठी भाऊबंदकी गोया व्हयेल व्हती."

ज्योत्स्नाला त्या वर्षीचा श्रावण आठवला नाही, कारण ती तिथे नव्हतीच. पोर पाच महिन्यांची, ती पुण्याला प्रशिक्षणाला, मेघा आजीकडे. कानबाईचा थाट मात्र तिला माहीत होता. खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसली की मुलूखभर पांगलेलं कूळ एका ओसरीवर येतं. सुरतेच्या कापडगिरण्यांत गेलेले, नाशकात गेलेले, सगळे प्रसादाचे रोट खायला हजर. आणि रोट खायचा तो कुळातल्यांनीच. कितीही जिव्हाळ्याचा असो, सालदाराच्या घरात रोटाचा तुकडा जात नाही. त्या वर्षीही गेला नव्हता. बाकी जे जायचं ते गेलं.

"तेव्हा कोणी आजारी होतं?"

"तुमना भाऊबंद लोटनआबाना सुरतना नातू खोकलत व्हता. डोया लाल व्हतात त्याना. पोरेसले खेळाडे, मुके ले." जमना आठवून हसली. "सिंगा न मेघा एकच झोळीमा निजेत. अक्का म्हनेत, सालदारनं व्हवो का धनीनं, लेकरूं ते लेकरूं."

"आणि नंतर? नंतर सिंगा आजारी पडला?"

"नही वं ताई."

"ताप? अंगावर काही?"

जमनानं पेजेची वाटी खाली ठेवली. तिनं आजूबाजूला पाहिलं, पदर डोक्यावरून नीट ओढला आणि आवाज खाली आणला.

"आजारी नही म्हनो, ताई. पाप लागस. माय उनी व्हती."

"माय?"

"मायच. अंगवर लाल दाना, डोया झाकेल. नाव नही ले तिनं. घरमा फोडनी बंद, दारले कडुनिंब, कोनी उच्चा आवाजमा बोलानं नही. माय उनी, राहिनी, न राजीखुशीमा गई. सुनंदाअक्कानीच तिनी बोळवन करी." जमना अभिमानानं म्हणाली, "दोन्ही पोरेसनी संगेच करी."

"दोन्ही?"

"सिंगानी न तुमनी मेघानी."

ज्योत्स्नानं तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला, माय. तिचं माहेर भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं. तिथे गोवराला गोवर म्हणत. सासरच्या घरातला प्रत्येक शब्द आपण शिकलो अशी तिची समजूत होती. हा एक शब्द तिच्यापुढे कोणी उच्चारलाच नव्हता, कारण तो उगाच उच्चारायचा नसतो. मधलं कोरं गाव तिला आता दिसलं. ते कोणाच्या नोंदीत नव्हतं, कारण तिथे रोग झालाच नव्हता, देवी पाहुणी आली होती.

"ताई," जमनानं विचारलं, "बरा व्हई ना मना पोऱ्या? गोवर ते नही ना शे?"

 ज्योत्स्नानं सिंगाच्या कपाळावरून हात फिरवला. तिच्या तळव्याखाली त्याची मान हिसक्यानं खाली गेली. जमनाला सांगायला हवं होतं, आणि सांगायचं धैर्य तिच्यात त्या घटकेला नव्हतं. डॉक्टर सांगतील, असं मनाशी म्हणत ती बाहेर पडली आणि स्वतःची लाज वाटत जिना उतरली.

घरी पोचेस्तोवर ती आकडे म्हणत राहिली. तान्ह्या वयात गोवर झालेल्या शेकडो मुलांत एखाद्यालाच हे होतं. बाकीची सगळी सुटतात. आकडा चांगला होता, आईच्या बाजूचा होता. पण सिंगाही त्याच आकड्यातला होता. लस दोन वेळा दिली, त्याचाही उपयोग नव्हता. चोर घरात शिरल्यावर लावलेली कडी ती.

सुनंदाबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. मेघा दिसत नव्हती, सायकलची घंटा मात्र गल्लीतून ऐकू येत होती. दिवेलागण व्हायला आली होती. ज्योत्स्ना चप्पल न काढताच त्यांच्यापुढे बसली. या वेळी तिनं शब्द बरोबर निवडला.

"आई, मेघा तान्ही असताना माय आली होती?"

सुनंदाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. "उनी व्हती ना. सुखमा उनी, सुखमा गई. एक डाग ठेवा नही पोरना अंगवर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू पुनामा. नवी नोकरी. तुले कसाले घोर लावाना?"

"मी कितीदा विचारलं तुम्हाला, गोवर झाला होता का!"

"गोवर?" सुनंदाबाई खरोखरच दुखावल्या. "गोवर ते रोग शे, बेटा. आमना घरमा पोरेसले कव्हय रोग नही झाया. माय येस. तिले रोग म्हनो, मंग ती जाई का?"

त्यांच्यावर ओरडायचं म्हणून ज्योत्स्नानं तोंड उघडलं होतं. या बाईनं दिवसरात्र पोर मांडीवरून खाली ठेवली नव्हती, तापात स्वतःचं अन्न सोडलं होतं. सालदाराच्या पोरालाही त्याच मांडीवर घेतलं होतं. राग धरायचा तरी कुणावर? तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"बोळवण नीट झाली होती, आई?"

सुनंदाबाईंचे डोळे भरून आले. सुनेनं आजवर असलं काही विचारलं नव्हतं. "नीट म्हंजे? दहीभात, नारय, हळदकुकू. गावनी शीवपावत मी पायी गऊ, पायमा चप्पल नही. तिले सांगं, माय, आते तुना घर जाय, लेकरंसले सुखी ठेव. न मांगे वळी देखं नही. मांगे देखं ते माय परत येस."

त्या दिवा लावायला उठल्या. मेघा धापा टाकत आत आली, केसांत धूळ, गुडघा खरचटलेला, तोंडभर हसू. "आजी, पाणी!" करत सरळ माठाकडे गेली. ज्योत्स्नानं तिला डोळे भरून पाहिलं. धावते आहे, हसते आहे, सायकल चालवते आहे. सगळं नीट आहे. मग ती देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. लग्नापासून ती इथे हळदीकुंकवापुरती उभी राहायची, सासूचं मन राखायला. आज तिनं डोळे मिटले आणि ज्याची सगळी कुळी तिला तोंडपाठ होती, त्यालाच हात जोडून मनातल्या मनात विचारलं, माय, गेलीस ना गं? खरंच गेलीस ना?

मागे पितळी पेला फरशीवर पडला. गरगरत, पाणी सांडत भिंतीपर्यंत गेला.

"तुना हातले भोकं पडनात का वं?" सुनंदाबाई हसल्या.

मागे वळून बघायचं नसतं. ज्योत्स्ना देवाच्या दिव्याकडे बघत राहिली, जमेल तितका वेळ. मेघाच्या हसण्याचा आवाज येईल म्हणून तिनं वाट पाहिली. तो आला नाही.

ती वळली. मेघा माठापाशी उभी होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मी पेला नाही सोडला. हात आपोआप उडाला."