लावलेलं बटण

रीळबाई साडेचार वर्षांची. एकदा बोलायला लागली की हातातून सुटलेल्या रिळासारखी थांबायचीच नाही, म्हणून बाबाने ठेवलेलं हे नाव. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार.

सोमवारी बालवाडीच्या ताई म्हणाल्या, "हा आठवडा कपड्यांचा. शुक्रवारी ज्याला आपलं बटण आपण लावता येईल, तो मोठ्या वर्गात!"

मोठ्या वर्गात घसरगुंडी होती. रीळबाईचा सगळा जीव त्या घसरगुंडीत. घरी येऊन दप्तर टाकायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा, मला बटण लावायला शिकव."

बाबाने मशीन थांबवलं. "एवढ्याशा पोरांना बटण लावायला? शाळा आहे का कारखाना?" कुरकुरला खरा, पण लेक आपणहून सुई मागतेय म्हटल्यावर गडी आतून फुलला. जाड, बोथट सुई काढली, एक चिंधी काढली आणि चार संध्याकाळी बापलेकीची शिकवणी चालली.

"खालून वर, वरून खाली. अगं, एवढं ओढू नकोस, गळा आवळतेस त्याचा!"

दोरा गुंतला. दोनदा बटण चिंधीच्या उलट्या बाजूला लागलं. पण गुरुवारी असं पक्कं बसलं की बाबाने दातांनी ओढलं तरी हललं नाही.

शुक्रवारी ताईंनी प्रत्येकाच्या अंगात एकेक कोट चढवला. "हं, लावा बटणं!"

बाकीची पोरं जीभ बाहेर काढून झटायला लागली. रीळबाईने पाचही बटणं ओढून बघितली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"लाव ना गं," ताई म्हणाल्या.

"लावलेलीच आहेत."

"कुठे? कोट तर उघडा आहे!"

"ओढून बघा की. चार पक्की आहेत. हे पाचवं कोणी लावलंय? दोन दिवसांत पडेल."

ताईंनी कपाळाला हात लावला. "राहू दे, पुढच्या महिन्यात बघू," म्हणत त्या दुसऱ्या पोराकडे वळल्या.

आता मात्र रीळबाईचे डोळे भरले. चार दिवस मान मोडून शिकली, ते काय उगाच? पण रडून घसरगुंडी मिळते थोडीच! तिने खिशातली चिंधी ताईंच्या हातात कोंबली. "हे बघा. मी लावलंय. एकटीने!"

ताईंनी बटण ओढलं. परत ओढलं. आणि खो-खो हसत खालीच बसल्या. "अगं बाई, हे असलं लावणं नव्हे! बटण काजात घाल म्हणत होते मी."

"अडकवायचं होय? मग तसं म्हणायचं ना!"

दुकानात शिवून झालेल्या शर्टांची बटणं घडीआधी अडकवायचं काम तिचंच. हा तर डाव्या हातचा मळ. ताई "हळू गं" म्हणेपर्यंत पाचही बंद.

संध्याकाळी बाबाने विचारलं, "काय रीळबाई, गेलात का मोठ्या वर्गात?"

"गेले. सात वेळा घसरले." मग ती बाबाच्या कानाशी आली. "पण बाबा, ताईंना नुसतं अडकवताच येतं रे. सोमवारी ती जाडी सुई दे मला. मी शिकवते त्यांना लावायला."