शीवेवरचा पाव

“फक्त कपाळ टेकवायचं गं, फोडायचं नाही,” हेस्टर म्हणाली. “वर मनुका घातलेला पाव मिळतो.”

गिरणीवाल्या घरातली इमोजेन हसली, पण हसता हसता तिनं लेकीला मागं ओढलं. “दगडावर डोकं? आजी, लंडनला पोलीस येतील हं दारात!”

शनिवार-रविवारपुरतं उघडणारं ते घर, आणि गावात उरलेलं तेवढंच एक लेकरू.

पाद्रीबाबांना अजून दोन गावांच्या प्रार्थना उरकायच्या होत्या. “जाऊ द्या, हेस्टरबाई. पुढच्या वर्षी बघू.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात, बाबा. तेव्हा विल्फ होता.”

बाबा गाडीत बसले नि गेले.

थॉर्नकोटची शीव पोरांच्या कपाळात राहायची. दर मे महिन्यात सारं गाव स्तोत्रं गात शीवेवरून फिरे आणि शीवेचा दगड आला की एखाद्या पोराला उलटं धरून त्याचं कपाळ दगडाला लावी. दुखलेलं माणूस विसरत नाही. ओढ्याकाठचा दगड विल्फचा, तिच्या भावाचा. हेस्टर पडली मुलगी. तिच्याकडे पावांची टोपली. टेंगूळही विल्फला, पावही विल्फला. या हिवाळ्यात त्याला मूठमाती दिली, तेव्हा गावाची ती बाजूही त्याच्याबरोबर पुरली गेली.

काठी टेकत ती एकटीच ओढ्यावर आली. खाजरी झुडपं बाजूला सारून दगड मोकळा केला. बाबांनी म्हणायची ओळ तिनंच म्हटली आणि सवयीनं थांबली. पुढची ओळ गावाची. लहानपणी इथे ती ओळ अशी उठायची की देवाला वाकून ऐकावंसं वाटावं. ओढा तेवढा वाहत होता. मग गावाची ओळही तिनंच म्हटली. आवाज पहिल्याच शब्दाला चिरकला.

काठी गवतात ठेवून ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि कपाळ दगडावर आपटलं. जरा जोरातच लागलं.

“लागलं का हो, आजी?” गिरणीच्या कुंपणापलीकडून इमोजेन ओरडली.

“लागलं की,” हेस्टर म्हणाली. “पण आता मी किती दिवस लक्षात ठेवणार?”

ज्याचं कपाळ, त्याचा पाव. तिनं खिशातला पाव काढला, मोडला, एक घास तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आलेला. ती कितीतरी वेळ चावत राहिली.