सातव्या महिन्यातला कौल

आमच्या वस्तीतल्या बारा कुत्र्यांपैकी अकरांच्या कानाचं टोक कापलेलं होतं. म्हणजे नसबंदी झाली, रेबीजची सुई टोचली, आता पकडणाऱ्या गाडीने त्यांना हात लावायचा नाही. उरली होती एकटी ऊआ. काळी, शहाणी, पिंजऱ्याचं दार पडायच्या आत आतलं मांस घेऊन पसार होणारी. ती फक्त सुपारीच्या टपरीवरच्या सिउखिम आमांच्या, म्हणजे आजींच्या, हाताशी यायची.

ऑपरेशनची फिरती गाडी उद्या येणार होती, मग थेट चार महिन्यांनी. आणि ऊआ पंधरवड्यात माजावर येणार. मागच्या वेताची सात पिल्लं. सहा मेली, ती मीच पुरली; सातवं सापडलं नाही. त्या दिवसांत ती पोस्टमनला चावली होती. वस्तीप्रमुखाने सांगून ठेवलं होतं, पुन्हा व्याली तर पकडणारी गाडी बोलावून तिला उचलणार.

"भुतांच्या सातव्या महिन्यात शस्त्र लावतात का?" आमा सुपारीत चुना भरत म्हणाल्या. "भुतं मोकळी सुटलीयत. माणसंसुद्धा ऑपरेशन पुढे ढकलतात, पोरी."

"पन्नाशी उलटली माझी, आमा."

"मग अक्कल कधी येणार? कुत्रं आपणहून दारी आलं की बरकत येते. तिला कापायचं?"

सहा वर्षं वस्तीतली कुत्री ऑपरेशनला नेताना मी हेच ऐकत होते. वाद घालायचं त्राण नव्हतं.

"भूमिदेवाला विचारा," मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या देवळीत आमांनी कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले. ऊआला न्यायचं का? दोन्ही पालथे. नाही. पुन्हा टाकले, दोन्ही उताणे. म्हणजे देव नुसताच हसला. आमांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं.

मी पायरीवर बसले. गुडघे दुखत होते. "आता माझ्या वतीने विचारा. पुढची पिल्लं तो स्वतः सांभाळणार का?"

दोन्ही पालथे. आमांनी पुन्हा टाकले. पालथेच. तिसऱ्यांदाही.

आमांनी तुकडे गोळा करून मूर्तीपुढे ठेवले.

"म्हातारा अंग काढून घेतोय," त्या पुटपुटल्या. "कितीला यायचं उद्या?"

सकाळी ऑपरेशनच्या गाडीपाशी त्यांनी ऊआचं तोंड मांडीवर धरलं. गुंगी चढेपर्यंत त्या भुतांना दटावत होत्या, "ही माझी आहे, दुसरं घर बघा."

त्यानंतर आठ दिवस ऊआ टपरीकडे फिरकली नाही आणि आमा माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी ऊआ आली. आमांनी तिला मासा घातला. मला फक्त चहा.

थंडी आली. कुत्र्यांची भांडणं निवली होती. पोस्टमन पुन्हा आमच्या गल्लीतून जायला लागला. पिल्लं उचलायला मला कुणीच बोलावलं नाही. फोन बंद पडलाय की काय, म्हणून मी दोनदा बघितलं. मग दुपारी चक्क झोपले.